पिंपळासाठी तंबू

आषाढी पौर्णिमा झाली की आमच्या घरात दोन गोष्टी सुरू होतात. संध्याकाळी आई पांढरी साडी नेसून विहारात ग्रंथवाचनाला जायला लागते, आणि सकाळी मी बेडरूममधल्या काळ्या तंबूची चेन उघडून त्यात ओले कपडे वाळत घालायला लागते. वर्षावासाचे हे तीन महिने. पूर्वी भिक्खू पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी राहायचे, म्हणून आमच्याकडे या दिवसांत रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचन होतं. आमच्या घरात एका जागी राहतो तो हा तंबू. तो हलवायचा तर पलंग हलवावा लागतो, पलंग हलवायचा तर कपाट, आणि कपाटासाठी माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, शीवहून बोलवावं लागतं. मिलिंद आला की तंबूकडे बघतो आणि म्हणतो, "मी तेव्हाच सांगत होतो ताई. रूमच बांधायला पाहिजे होती." मग मला कपाट हलवण्याचा उत्साह राहत नाही.

तंबू म्हणजे डोंगरावर नेतात तसला नव्हे. घरात झाडं वाढवायचा तंबू. बाहेरून काळा, आतून चकचकीत चंदेरी, उंचीला माझ्या खांद्याइतका. वर दिवा टांगायला दांडी आणि बाजूला पंख्यासाठी गोल भोक. असं काही विकत मिळतं हे तो घरात येईपर्यंत मला माहीत नव्हतं, आणि कळलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं. तर या तंबूत आम्ही पिंपळ ठेवला होता. पिंपळ! जो या शहरात कुणी न लावता गटाराच्या पाइपावर उगवतो, गच्चीच्या कठड्यावर उगवतो, बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्यावरसुद्धा उगवतो, त्याला जगवण्यासाठी आम्ही एका पावसाळ्यात घरात सूर्य बसवायला निघालो होतो. आठवलं की अजून डोकं भणभणतं.

पण तो पिंपळ कुठलाही नव्हता. करी रोडला आमची चाळ होती तेव्हा मधल्या चौकात विहार होता आणि विहाराच्या दारात पिंपळ. विहार चाळीतल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला. गिरणीची पाळी सुटली की माणसं थेट विटा उचलायला यायची, बायका पाणी भरून द्यायच्या. झाड लावलं ते माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या गिरणीच्या खात्यातल्या दोन मित्रांनी. वडील गेले तेव्हा त्यांना त्याच झाडाखाली ठेवलं होतं, कारण आमच्या खोलीत तेवढी माणसं मावणार नव्हती. पुढे चाळ पाडायचं ठरलं. झाडही तोडणार हे कळलं. मोरीच्या बाहेरच्या भिंतीत त्याच झाडाचं एक वीतभर रोप फुटलं होतं, ते आईने उलथन्याने हळूहळू सोडवून काढलं आणि तेलाच्या डब्यात लावलं. नवी घरं होईपर्यंत आम्ही संक्रमण शिबिरात गेलो तेव्हा टेम्पोत ती पुढे बसली, मांडीवर डबा.

शिबिराच्या पत्र्याच्या गॅलरीत ऊन भरपूर होतं. आमची डोकी तापायची, पण रोप खूश होतं. डब्यातून ते कुंडीत गेलं, कमरेएवढं झालं. आईचं सगळं ठरलेलं होतं. "नवा विहार झाला की त्याच्या दारात लावीन हे. जमिनीत. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." हे ती इतक्या वेळा म्हणायची की आमच्याकडे भाजीवाल्यालाही ते पाठ होतं.

मग आम्हाला फ्लॅट मिळाला. चाळीच्या जागी दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची, तिला सगळे रिहॅब म्हणतात. दुसरी विकायची, तिला टॉवर म्हणतात. टॉवरला नाव आहे, इंग्रजी आणि लांबलचक, आणि त्याच्या जाहिरातीत मोकळं आकाश होतं. ते मोकळं आकाश कुणाचं होतं ते आम्हाला राहायला गेल्यावर कळलं. आमच्या हॉलच्या खिडकीसमोर टॉवरच्या पार्किंगचे मजले, बेडरूमच्या खिडकीसमोर त्याचीच उभी भिंत. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता दिवा लावून मी तांदूळ निवडायचे. घर स्वच्छ होतं, आपलं होतं, आत संडास होता. त्यासाठी जन्मभर वाट पाहिलेल्या आईने तक्रार करणं शक्यच नव्हतं. तिने कुंडी आधी हॉलच्या खिडकीत ठेवली, मग बेडरूमच्या, मग परत हॉलच्या. उन्हाळा संपेपर्यंत पिंपळाची खालची पानं पिवळी पडली आणि आषाढात गळायला लागली.

त्या वर्षी नवा विहार अजून बिल्डरच्याच ताब्यात होता. आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावास संपता संपता, देतो असा त्याचा वायदा. तोवर वाचन कुठे करायचं? आईने हात वर केला. म्हणून तीन महिने रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चटया, पांढऱ्या साड्या, मेणबत्तीचा आणि मोगऱ्याचा वास, वाचनानंतर चहा. आणि चहा पिता पिता रोज एकच विषय, पिंपळाचं काय करायचं. जाधवकाकू आमच्या शेजारी, चाळीतही शेजारीच होत्या. त्या गळलेली पानं उचलून पदराला पुसायच्या आणि वहीत ठेवायच्या. "सुमन, याला उजेड पाहिजे गं," असं मला अशा आवाजात म्हणायच्या की जणू उजेड मी फ्रीजमध्ये लपवून ठेवलाय.

मी म्हटलं, गच्चीवर ठेवू. गच्चीला सोसायटीचं कुलूप. म्हटलं, मिलिंदकडे शीवला पाठवू, त्याच्या बाल्कनीत ऊन येतं. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात नको. इथनं निघालं ते परत इथंच आलंय." संपलं. माझ्या दोन्ही सूचना बिनखर्चाच्या आणि शहाण्या होत्या, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा टिकाव लागणं कठीणच होतं.

मिलिंद एका मॉलमध्ये मेंटेनन्सला आहे. एसी, पंप, लिफ्ट, सगळं त्याच्या हाताखालचं. वडील ज्या गिरणीत होते तिच्याच जमिनीवर तो मॉल उभा आहे, हे तो कधी बोलत नाही, पण कामाला बसतो तेव्हा मान अगदी वडिलांसारखी वाकडी करतो. त्याने बेडरूमचा कोपरा टेपने मोजला आणि जाहीर केलं, "इथे छोटी रूम काढतो. प्लायचं पार्टिशन, आतून फॉइल, वर एलईडी, मागून हवा खेचायला पंखा. फर्स्ट क्लास."

"आणि माझं कपाट?" मी विचारलं.

"ते हॉलमध्ये."

"आणि वाचनाला येणारी माणसं?"

"ताई, तू ना, आधी प्रॉब्लेमच बघतेस."

त्याची मुलगी प्रज्ञा तेव्हा आमच्याकडेच राहायची, लोअर परळचं ऑफिस जवळ पडतं म्हणून. ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "आत्या, बाबांना आवर. सीरियसली. याचा रेडीमेड टेंट मिळतो. दोन दिवसांत घरी. लाइट, फॅन, सगळं सोबत. नाही आवडलं तर रिटर्न."

"टेंट? माझ्या आईच्या घरात तंबू?" मिलिंद.

"आणि प्लायचं खोकं चालतं?" प्रज्ञा.

इथून पुढे आमच्या घरात दोन पक्ष पडले. बाप म्हणायचा, घरी केलेली वस्तू टिकते, आपल्या मापाची होते, बिघडली तर आपण उघडू शकतो. मुलगी म्हणायची, ज्यांचं तेच काम आहे त्यांनी विचार करून बनवलेलं असतं, आपण कशाला डोकं फोडायचं, आणि उद्या नको झालं तर घडी घालून ठेवता येतं. दोघांचंही बरोबर होतं आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. चुकीच्या माणसाला निदान गप्प करता येतं. वाचनाला आलेल्या बायकांतही फूट पडली. जुन्या बाया मिलिंदच्या बाजूच्या, त्यांच्या सुना प्रज्ञाच्या. आईला विचारलं तर ती म्हणायची, "करा काय तरी. पण झाड जाण्याआधी करा." आणि माझ्याकडे बघायची.

मिलिंदने वाट पाहिली नाही. रविवारी प्लाय आला. लिफ्टमधून न्यायचा नाही असा सोसायटीचा नियम, म्हणून जिन्याने आला आणि येता येता प्रत्येक मजल्यावर चौकशी गोळा करत आला. बेडरूममध्ये करवत सुरू झाली. भुसा गादीवर, भुसा आईच्या औषधांत, भुसा वरणात. स्वयंपाकघरातली फॉइल संपली, मी डबा कागदात गुंडाळून ऑफिसला न्यायला लागले. मिलिंद रोज शीवला जायच्या आधी कामावरून दमून आमच्याकडे यायचा तरी ठोकठोक करत बसायचा आणि आई त्याच्यासाठी चहा घेऊन उभी राहायची. खिळे तोंडात धरून तो तिला काय कुठे बसणार ते समजावून सांगायचा. मला त्या दोघांकडे बघून राग धरता येईना, म्हणून जास्तच राग यायचा. शेवटी रूम उभी राहिली आणि त्याच आठवड्यात पावसाने झोडपलं. ओल लागून प्लाय फुगला. दरवाजा लागेना. मिलिंदने रंधा मारला, दरवाजा लागला, मग उघडेना. पिंपळ आत होता.

त्याच संध्याकाळी तंबू आला. प्रज्ञाने कुणालाही न सांगता मागवून ठेवला होता. ऐन वाचनाच्या वेळी बेल वाजली, माणसाएवढा खोका हॉलमध्ये शिरला, आणि पांढऱ्या साड्या दोन्ही बाजूंना सरकल्या. वाचन संपल्यावर सगळ्यांच्या देखत तिने तो बेडरूममध्ये जोडायला घेतला. दांड्या, कोपऱ्यांचे सांधे, काळं कापड. कागदावरच्या चित्रात एक हसरा माणूस हे सगळं एकट्याने करत होता. आमच्याकडे नऊ बायका लागल्या. जाधवकाकूंनी कापड धरलं, त्यांच्या सुनेने चित्र धरलं, आईने दांड्या मोजून दिल्या, आणि मिलिंद भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा. तंबू उभा राहिला तेव्हा एक दांडी उरली. "ही कशाची?" त्याने विचारलं. सगळ्या पुन्हा चित्रात बघायला लागल्या. मग त्याने पटाशीने स्वतःच्याच रूमचा दरवाजा फोडला, कुंडी उचलून आणली आणि तंबूत ठेवली. त्या क्षणी मला माझ्या भावाची फार दया आली. तो प्लग लावायला वाकला.

दिवा लागला. जांभळा! तंबूच्या भोकांतून, चेनच्या फटीतून जांभळा उजेड बेडरूमभर पसरला. आईने चेहरा धुतल्यासारखा तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे कसलं ऊन?"

चार दिवस मी जांभळ्या अंधारात झोपले. पाचव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी मोरे दारात. मोरे आमच्या चाळीतले नव्हेत, पलीकडच्या चाळीतले, पण माणूस सरळ. चपला काढून आत आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, राग मानू नका. टॉवरवाल्यांची कम्प्लेंट आहे. तुमच्या खिडकीत रात्रभर जांभळा लाइट असतो, आणि पार्किंगमधून वाकून कुणीतरी बघितलंय की आत काळा तंबू आहे. ते लोक बोलतात की असल्या तंबूत तसलं पीक घेतात. म्हणजे, गांजा वगैरे."

मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात होते. पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. गांजा.

"आत पिंपळ आहे," मी म्हटलं.

"पिंपळ?"

"पिंपळ."

मी चेन उघडून दाखवली. मोरे बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ उभे राहून कळवळून म्हणाले, "अहो ताई, आपल्या पाइपांवर फुकट उगवतोय हा! मागच्याच आठवड्यात माणूस दोरीला लटकवून ॲसिड टाकून घेतलं मी. आणि तुम्ही लाइट लावून?" मी चेन लावून टाकली. आत आईने सगळं ऐकलं होतं. ॲसिडचं ऐकून ती खिडकीशी गेली आणि बाहेरच्या पाइपांकडे बघत उभी राहिली.

त्या दिवसांत ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या मनात नको ते विचार यायचे. वडील भल्या सकाळी गिरणीत जायचे आणि दिवस मावळता यायचे. खात्याला खिडक्या होत्या, पण सुताला ओलावा लागतो म्हणून त्या बंदच. उन्हात उभं राहणं ही त्यांची रविवारची चैन. चौकात झाड लावताना तेव्हाची तरणी माणसं सावली हवी म्हणून भांडली असतील, आणि आम्ही ऊन हवं म्हणून भांडत होतो. चाळीत ऊन कुणाचं आहे असा प्रश्न कधी पडला नव्हता. सकाळी ते आमच्या गॅलरीत असायचं, दुपारी समोरच्यांच्या, आणि पापड वाळवणाऱ्या बायका त्याच्यामागे ताटं घेऊन गॅलरी बदलायच्या. आता ऊन मजल्यावर मिळतं. जितका वरचा मजला तितकं जास्त. आम्ही खालचे, म्हणून आम्ही ते खोक्यातून मागवलं, आणि ते जांभळं निघालं. याचा मला राग यायचा, पण तो नेमका कुणावर काढायचा ते समजायचं नाही. मग तो प्रज्ञावर निघायचा, कारण ती जवळ असायची.

एवढं सगळं करून पिंपळ सुधारला का? नाही. पानं गळतच राहिली. श्रावण संपता संपता शेंड्याला चार उरली. मिलिंद म्हणायचा, कापडी तंबूत हवा कोंडते. प्रज्ञा म्हणायची, बाबांनी फॉइलचा चिकट गोंद त्याला लावला. आई दोघांचंही ऐकत नव्हती. ती रोज चेन उघडून शेंड्याला बोट लावायची. एकदा मला म्हणाली, "सुमन, हे गेलं तर मी विहार उघडायला नाय येणार. रिकाम्या हातानं कशी येऊ? त्यांनी लावलेलं माझ्याकडनं मेलं असं होईल ते." मी म्हटलं, नाही मरत. म्हटलं खरं, पण रात्री उठून शेंड्याची पानं पुन्हा मोजली.

मग चिलटं झाली. तंबूत, बेडरूममध्ये, चहाच्या कपात. माझा संयम संपला. रविवारी सगळे घरात असताना मी चेन उघडली आणि कुंडी ओढली. ती हलेना. मिलिंदने जोर लावून उचलली तर खालच्या ताटलीत पाणी काठोकाठ, आणि असा कुजका वास आला की जाधवकाकूंनी पदर नाकाला लावला. मिलिंदने रोप मातीसकट बाहेर काढलं. मुळं काळी, बुळबुळीत.

"पाणी कोण घालतं याला?" मी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "सकाळी वंदना झाली की तांब्याभर. रोजचंच आहे ते."

मिलिंदने मान खाजवली. "मी पण. कामावरून आलो की बाटलीत उरलेलं असतं ना, ते."

"मी रिमाइंडर लावलाय," प्रज्ञा हळूच म्हणाली. "मला वाटलं तुम्ही विसरता."

आम्ही जाधवकाकूंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. "आम्ही बाया वाचनाला येतो तर एकेक पेला घालतो. बोधिवृक्ष तो. दारात येऊन त्याला कोरडा ठेवायचा होय?"

एकेक पेला. रोज डझनभर बायका. वर तांब्या, बाटली आणि रिमाइंडर. घरात मी एकटीच निर्दोष, कारण पाणी घालायचं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. आम्ही दीड महिना उजेडावरून एकमेकांची डोकी खाल्ली होती. उजेड कमी होता हे खरंच, पण तेवढ्याने तो मरत नव्हता. आम्ही सगळे मिळून त्याला श्रद्धेने बुडवत होतो. मला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

आईने मात्र मोरीत बसून मुळं धुतली. काळी झालेली कात्रीने एकेक कापली, पांढऱ्या मुळांना हात लावला नाही. मिलिंदच्या फुटलेल्या रूमचा भुसा आणि कोरडी माती मिसळून कुंडी भरली. मग रोप परत तंबूत ठेवून तिने चेनच्या दोन्ही टोकांना मिळून सुटकेसचं छोटं कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या जागी असलेल्या काळ्या दोऱ्यात ओवली. "आता याला कुणी पाणी पाजलं तर बघा," ती म्हणाली. त्या संध्याकाळी वाचनाला आलेल्या बायका कुलूप बघून हिरमुसल्या.

भाद्रपद आमच्याकडे वाट बघण्यात गेला. बाहेर लालबाग ढोलताशांनी दणाणत होतं, रस्ते बंद, घरी पोहोचायला मला दुप्पट वेळ, आणि घरात कुलूपबंद तंबूत एक काडी. आई दिवसातून एकदा उघडायची. एका सकाळी मी कणीक मळत होते आणि तिने आतून हाक मारली. नुसती "सुमन", पण मी पिठाच्या हातांनी धावले. काडीच्या टोकाला एक पान फुटलं होतं. तांबूस, ओलसर, नखाएवढं. जांभळ्या उजेडात ते कुठल्या रंगाचं ते नीट कळेना, म्हणून आम्ही दिवा बंद केला आणि खिडकीच्या अंधुक उजेडात पाहिलं. मला फार आनंद झाला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एका पानासाठी मी आईच्या गळ्यात पडले, तिच्या साडीला कणीक लागली आणि ती ओरडली.

आश्विनात विहार मिळाला. आम्ही सगळे बघायला गेलो. गुळगुळीत फरशी, काचेचं दार, एसी. मिलिंदने एसी वाजवून पाहिला. आई आत गेलीच नाही. ती दारासमोर उभी राहून खाली बघत होती. खाली डिझाइनच्या विटा बसवलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बिल्डरचा माणूस, तरुण आणि नम्र, पुढे आला.

"इथं झाड लावायचंय," आई म्हणाली. "पिंपळ."

"आजी, इथे नाही लावता येणार. खाली दोन मजले पार्किंग आहे ना. हा सगळा स्लॅब. पिंपळाची मुळं स्लॅब फोडतात. कुंडीत ठेवा की, छान दिसेल."

आमच्यातलीच काही माणसं म्हणाली, बरोबर आहे, उद्या पार्किंगमध्ये पाणी गळलं तर? मोरेही तेच म्हणाले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. आई ऐकत होती. मग तिने त्या तरुण माणसाला विचारलं, "आम्ही राहतो ती बिल्डिंग कशावर आहे?"

"तीही स्लॅबवरच, आजी."

"मग जमीन कुठंय?"

तो गोंधळला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी प्रामाणिकपणे हात लांब केला. "जमीन म्हणजे... गेटच्या बाहेर."

"बरं," आई म्हणाली आणि गेटकडे चालायला लागली. आम्ही तिच्या मागे. मला वाटलं, हिचं आता काही खरं नाही. पण ती गेटबाहेर आली आणि डावीकडे वळून थांबली. फुटपाथवर त्या पावसात एक जुना गुलमोहर पडला होता. महापालिकेची माणसं तो कापून घेऊन गेली होती. राहिला होता चौकोनी खड्डा, काळी माती, त्यात चहाचे कागदी कप. शेजारी चावीवाला बसतो. तो गुलमोहराच्या सावलीत बसायचा, आता फाटक्या छत्रीखाली बसला होता.

"हितं," आई म्हणाली.

"आई, असं नाही लावता येत," मी म्हटलं. "महापालिकेची जागा आहे. अर्ज करावा लागेल. परवानगी लागते." मला माहीत होतं. मी जन्मभर दुसऱ्यांचे असलेच अर्ज पुढे सरकवलेत.

"पिंपळ कधी परवानगी घेऊन उगवलाय?"

मिलिंद आणि प्रज्ञा एकाच वेळी हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते कशावर तरी एकत्र हसत होते. चावीवाल्याने छत्री बाजूला केली. "लगाओ अम्मा. हमको भी छाया चाहिए."

आश्विन पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली, आणि मग पांढऱ्या साड्यांची रांग काचेच्या दारातून निघून गेटबाहेर फुटपाथवर आली. मिलिंदने खड्डा खोल केला, प्रज्ञाने कप वेचले, आईने कुंडी फोडायला लावली. मुळांचा गोळा हातात घेऊन ती त्या खड्ड्याच्या काठावर बसली आणि थोडा वेळ उठेचना. जाधवकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने तो खाली सोडला आणि हातांनी माती लोटली. चावीवाला भक्तिभावाने पुढे आला, म्हणाला, "अम्मा, फिकर मत करो, मैं रोज पानी डालेगा." त्यावर आम्ही सगळे इतक्या जोराने "नको!" म्हणून ओरडलो की तो दोन पावलं मागे गेला.

त्याला आता तीन पावसाळे झाले. झाडाभोवती जाळी लावायची वेळ आली तेव्हा मिलिंद म्हणाला, मी वेल्डिंग करून देतो, आणि प्रज्ञा म्हणाली, रेडीमेड मिळते. मी दोघांना घराबाहेर काढलं. जाळी चावीवाल्याने कुठूनतरी आणली. त्या जाळीला आता लोक फाटक्या छत्र्या अडकवतात. देवांच्या तडकलेल्या तसबिरी, जुनी कॅलेंडरं बुंध्याशी आणून ठेवतात. आई पहिल्या वर्षी त्यावरून रोज तणतणायची, आता तिने सोडून दिलंय. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय आणि वाऱ्याशिवायसुद्धा सळसळतं.

परवा पावसाने उघडीप दिली आणि श्रावणातलं ते चरचरीत ऊन पडलं. मी आईला घेऊन लालबागहून भाजी आणत होते. तिचे पाय सुजले होते, माझा घामाने जीव चालला होता, आणि ती वाटेत तीनदा थांबली म्हणून मी तीनदा चिडले होते. गेटजवळ आल्यावर ती पुन्हा थांबली. पिंपळाच्या बुंध्याशी नीट पाय रोवून उभी राहिली आणि पदराने मान पुसली. मीही पिशवी खाली ठेवून तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने कोपराने मला ढकललं.

"सरक जरा, सुमन. एकाचीच सावली आहे अजून."

मी पिशवी उचलली आणि उन्हात सरकले.